पाटीकाकूंचा रविवार

पाटीकाकूंच्या दारावर पाटी होती, पण ती नावाची नव्हे. पहिली-दुसरीतल्या मुलांकडे असते तशी लाकडी चौकटीची पाटी, सुतळीने खिळ्याला टांगलेली. दर रविवारी सकाळी त्या दिवशी घरात काय काय होणार ते तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असे. ‘दहा वाजता येणे. वाल सोलणे. कुकरच्या तीन शिट्ट्या. साडेअकराला जेवण. आज एक नवा माणूस येणार, त्याला मोठ्या मिशा आहेत. साडेबाराला घरी जाणे.’ मिशांचं वाचून मी पहिल्यांदा फिसकन हसले होते. काकूंनी माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत विचारलं, “अचानक मिशा समोर आल्या तर तुला चालतं का? चालत असेल. सगळ्यांना चालत नाही.” त्या बोलत तेव्हा समोरच्याच्या डोळ्यांकडे कधीच बघत नसत. त्यामुळे बोलणं नक्की कुणाला चाललंय हे कळायला मला बरेच रविवार लागले.

आमची गाठ पडली ती अंबरनाथच्या शिवमंदिरात, ऐंशीच्या दशकाच्या उतरणीला. मी तेरा वर्षांची होते आणि धाकटी कुंदा आठ. कुंदा बोलत नसे. हाक मारली तर वळून बघत नसे, नवा फ्रॉक अंगाला टोचला की ओरबाडून काढी, आणि मोठा आवाज झाला की दोन्ही कान दाबून असेल तिथे जमिनीवर आडवी होई. डॉक्टरांनी एका कागदावर ‘मतिमंद’ असं लिहून दिलं होतं आणि मावशीने श्रावणी सोमवार सांगितले होते. कागदाने काही फरक पडला नाही म्हणून आई सोमवार करत होती. तिसऱ्या सोमवारी गर्दीत कुणीतरी घंटा वाजवली, मागोमाग दहाजणांनी वाजवली, आणि कुंदा किंचाळून फरशीवर आडवी झाली. लगेच माणसं जमली. एक म्हणाला फिट आली, कांदा हुंगवा. दुसरी म्हणाली अंगात आलंय, कुंकू आणा. आई रडवेली होऊन कुंदाला ओढून उठवत होती, तशी कुंदा जास्तच ओरडत होती.

एवढ्यात एक उंच, किडकिडीत बाई गर्दी सारत पुढे आल्या. “तिला काही झालेलं नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही गप्प झालात की ती उठेल. हात लावू नका.” मग कुंदापासून चार हातांवर, तिच्याकडे पाठ करून त्या खुशाल फतकल मारून बसल्या. वीस मिनिटं बसून होत्या. बघण्यासारखं काही उरलं नाही म्हणून माणसं पांगली आणि खरोखरच कुंदा उठून बसली. “माझ्या बहिणीची मुलगी आहे,” आई सवयीने म्हणाली. काकूंनी आईच्या कानांकडे बघितलं, कुंदाच्या कानांकडे बघितलं आणि म्हणाल्या, “कान तुमचे आहेत.” मग उठता उठता त्यांनी सांगितलं, “रविवारी दहाला या. याच रस्त्याला, दारावर पाटी आहे. हिला घेऊन या, घरी ठेवून येऊ नका.”

आईची ती सवय सांगायला हवी. बाबा अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत पाळ्या करत, पण कुंदा तीन वर्षांची असताना आम्ही राहायला बदलापूरला गेलो होतो, नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. बदलापूरच का, तर तिथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. इमारतीत कुंदा ही आईची भाची होती. आई-बापाला होत नाही म्हणून इथे असते, आजारी असते, असं आईने पहिल्याच आठवड्यात समोरच्या देशमुखबाईंना सांगून टाकलं होतं. कारण मी. मोठीचं, मीनाचं, लग्न व्हायचंय, घरात असं मूल आहे कळलं तर कोण करून घेईल, असं आजीपासून सगळे म्हणत. पाहुणे आले की कुंदा मागच्या खोलीत जाई आणि आई बाहेरून कडी घाली. हे सगळं माझ्यासाठी चाललंय हे मला ठाऊक होतं आणि मला ते बरंच वाटत होतं. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती.

काकूंचा रविवार म्हणजे काय असेल याची आईने बऱ्याच कल्पना केल्या होत्या. भजन असेल, नाहीतर एखाद्या बुवांचा अंगारा. तिथे होते ते मोड आलेले वाल. काकू आदल्या रात्री ते कोमट पाण्यात टाकून ठेवत आणि ज्याच्या त्याच्या पुढ्यात एकेक ताटली सरकवत. चिमटीत दाबला की दाणा सालातून सुटकन बाहेर येतो, एवढंच काम. ते करत सगळ्यांनी एका खोलीत बसायचं. कुणी भिंतीकडे तोंड करून बसे, कुणी खाटेखाली, कुणी बसतच नसे, येरझाऱ्या घाली आणि जाता-येता एखादा वाल सोली. मग त्याच वालाचं बिरडं आणि भात. सगळे मिळून आठ-दहा जण असत आणि तरी ते घर इतकं शांत असे की घड्याळाची टिकटिक ऐकू यावी, पण ती येत नसे, कारण काकूंनी घड्याळ स्वयंपाकघरात हलवलं होतं.

उल्हासनगरचे लछमनशेठ, कापडाचे दुकानदार, आपल्या पंचवीस वर्षांच्या मोतीला घेऊन येत. मोती येणाऱ्या प्रत्येकाला दारावरची पाटी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवी आणि मगच आत सोडी. शेठ सांगत, “बहनजी, पूरी बिरादरी में इसको कोई शादी में नहीं बुलाता. इधर आता है तो शनिवार से ही शर्ट निकाल के रखता है.” बदलापूरच्या पलीकडच्या एका गावातून सखूबाई नातवाला घेऊन येत, कधी बैलगाडीने, कधी दुधाच्या टेम्पोतून. “ह्यो मानसांशी बोलत नाय,” त्यांनी आईला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, “म्हशीशी बोलतो. मी म्हनलं बोलतो ना, झालं तर मंग.” आई त्यांच्याकडे बघतच राहिली. आपल्या मुलाबद्दल असं चारचौघांत सांगता येतं हे तिने पहिल्यांदाच पाहिलं असावं.

काकूंच्या घरात आग्रह नव्हता. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह केला नाही तर यजमानाचं नाक कापलं जातं. पण तिथे ‘घे ना’, ‘बस ना’, ‘नमस्कार कर’, ‘काकांना नाव सांग’ यातलं एकही वाक्य कुणी उच्चारायचं नाही असा दंडक होता. एकदा आईने कुंदाला सवयीने म्हटलं, “काकूंना टाटा कर.” काकू म्हणाल्या, “का? मी काही गावाला चाललेली नाही.” दुसऱ्या एका रविवारी बाजारपेठेतल्या एक सुखवस्तू बाई मुलाच्या वाढदिवसाचे पेढे घेऊन आल्या. अशा मुलांच्या तोंडी गोड पडलं की पुण्य लागतं म्हणे. काकूंनी पेढे ठेवून घेतले आणि बाईंपुढे वालाची ताटली सरकवली. “इथे बघायला यायचं नाही, बसायला यायचं,” त्या म्हणाल्या. बाईंनी पाच वाल सोलले आणि काम आठवल्यासारखं करून निघून गेल्या. काकूंना त्याचं काही वाटलं नाही. गावात त्यांना शिष्ट म्हणत, हळदीकुंकवाला जात नाहीत म्हणून, लग्नाला आहेर घेऊन एकट्या नानांना पाठवतात म्हणून. नाना म्हणजे त्यांचे यजमान, गोरेपान, हसतमुख, निवृत्त कारकून. गावाशी बोलायचं खातं त्यांच्याकडे होतं.

त्या घराला एक आतली खोली होती. अंधारी, एक सतरंजी आणि एक उशी, बाकी काही नाही. ज्याला जेव्हा नकोसं होईल तेव्हा त्याने तिथे जाऊन पडावं, कुणी विचारायला येत नसे. कुंदा पहिले सहा महिने बहुतेक तिथेच असे. पुढे ती उंबरठ्यापर्यंत आली आणि वर्षाच्या आत माझ्या शेजारी बसून वाल सोलू लागली. माझे दहा होईतो तिचे पंचवीस होत. एकदा असंच चाललेलं असताना काकूंनी आईला विचारलं, “तुमच्याकडे पाहुणे आले की ही कुठे बसते?” मीच म्हणाले, “मागच्या खोलीत. बाहेरून कडी असते.” काकू रागावल्या नाहीत. त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केलं. “इथेही खोली आहे. कडी आतून आहे.” एवढं बोलून त्या भात बघायला उठल्या. त्या संध्याकाळी बाबा पाळीवरून आले तेव्हा आईने त्यांच्या हातात चहाच्या आधी स्क्रू-ड्रायव्हर दिला. बाहेरची कडी निघाली. कुंदा मात्र भाचीच राहिली. तेवढं आईला अजून झेपत नव्हतं आणि मलाही.

अशी चार वर्षं झाली आणि आम्ही एक मोठी चूक केली. आपल्या माणसांनाच सुचावी अशी ती चूक होती. काकूंचा सत्कार करायचा असं आईने ठरवलं. एवढं करतात, त्यांना कुणी शालसुद्धा घातली नाही! लछमनशेठ तर हरखूनच गेले. “बिना माईक सत्कार कैसा? माईक मैं लाएगा,” म्हणाले. शाल आली, नारळ आला, हार आला, प्रमुख पाहुणे म्हणून एक स्थानिक पुढारी आले. सगळं गुपचूप ठरवलेलं, काकूंना चकित करायचं म्हणून. त्यामुळे पाटीवर यातलं काहीच नव्हतं. आमच्यापैकी एकालाही हे खटकलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

अकरा वाजता माईकने कर्कश शीळ घातली. पुढाऱ्यांनी काकूंच्या गळ्यात हार घातला आणि आम्ही सगळ्यांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. कुंदा किंचाळली. सखूबाईंचा नातू खाटेखाली शिरून फरशीवर डोकं आपटू लागला. मोती दाराशी उभा राहून पाटी वाचू लागला, एकदा, दोनदा, पाचदा, दर वेळी जास्त जोरात, आणि शेवटी रडायलाच लागला, कारण पाटीवर हे कुठेच नव्हतं. आणि काकू? आम्हाला वाटलं आता त्या नेहमीसारख्या सगळ्यांना ‘गप्प व्हा’ म्हणतील. त्यांच्या हातातला नारळ खाली पडला. त्यांनी गळ्यातला हार ओढून काढला, दोन्ही हात कानांवर दाबले आणि तोंडातून बारीक आवाज करत त्या आतल्या खोलीत गेल्या. दार बंद झालं. थोड्या वेळाने कुंदा त्या दाराशी गेली. दार उघडलं, तिला आत घेतलं आणि पुन्हा बंद झालं.

पुढारी माईक हातात घेऊन उभेच होते. नानांनी त्यांना हात जोडून वाटेला लावलं, माईकची वायर काढली आणि आमच्याजवळ येऊन बसले. “तिला हे होत नाही हो,” ते हळू आवाजात म्हणाले. “कधीच होत नव्हतं. आमच्या लग्नात मंगलाष्टकांना मी खिशात कापसाचे बोळे घेऊन उभा होतो. तिने आधीच चिठ्ठी पाठवून कळवलं होतं, बोळे आणलेत तरच उभी राहीन.” जरासं हसून ते पुढे म्हणाले, “तुम्हाला वाटतं ती हे सगळं या मुलांसाठी करते. तिलाही दुसरीकडे कुठे जाता येत नाही, वहिनी. लग्नानंतर तीस वर्षं ती घरात एकटी बसून होती. हे रविवार सुरू झाले तेव्हा तिला पहिल्यांदा माणसं मिळाली.”

तासाभराने दार उघडलं. काकूंचे डोळे लाल होते. मागून कुंदा आली आणि आपल्या ताटलीपुढे बसली. काकूंनी फरशीवरचा नारळ उचलला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, “हा वाया नको जायला. पुढच्या रविवारी बिरड्यात घालू.” आई त्यांची क्षमा मागू लागली तेव्हा त्यांनी तिला थांबवलं. “तुमच्या मनात वाईट नव्हतं. पण मला विचारायचं होतं.” पुढच्या रविवारी पाटीवर पहिल्या ओळीत लिहिलं होतं, ‘मागच्या रविवारी चूक झाली, ती मुलांची नाही. आज माईक नाही.’ मोतीने ती ओळ दिवसभर प्रत्येकाला दोन-दोनदा वाचून दाखवली. लछमनशेठ बिचारे दर वेळी कान पकडत.

‘स्वमग्न’ हा शब्द मला पुष्कळ वर्षांनी एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत भेटला. खाली लक्षणं दिली होती. वाचताना खरं तर बहीण आठवायला हवी होती. आधी काकू आठवल्या. त्यांना हा शब्द कुणी सांगितला असता तर त्या काय म्हणाल्या असत्या याचा मी खूप विचार केला आहे. बहुधा त्यांनी तो पाटीवर लिहून बघितला असता आणि अक्षर नीट आलं का तेवढं पाहिलं असतं.

मी एकवीस वर्षांची झाले त्या वर्षी काकूंना कावीळ झाली. दुखणं अंगावर काढल्यामुळे दवाखान्यात न्यावं लागलं तेव्हा उशीर झाला होता. सर्वसाधारण वॉर्ड, पंचवीस खाटा, माणसांची सारखी ये-जा. गावात शिष्ट म्हणणारे सगळे आता हातात मोसंबी घेऊन बघायला येत होते आणि वाकून वाकून ‘कसं वाटतंय’ विचारत होते. काकू भिंतीकडे तोंड करून, कान दाबून पडल्या होत्या. आम्ही गेलो तेव्हा त्या आईला म्हणाल्या, “इथे आतली खोली नाही.” आईला भडभडून आलं. ती बाहेर गेली, नर्सबाईंना विनवून एक पडदा मागून आणला आणि खाटेभोवती लावला. मग चार दिवस ती पडद्याबाहेर स्टूल टाकून बसली आणि येईल त्याला परत पाठवत राहिली. माझी आई, जिने आयुष्यात कुणाचं मन मोडलं नव्हतं, ती काकूंच्या सख्ख्या नणंदेला म्हणाली, “मोसंबी द्या आणि जा. त्यांना बोलणं सोसत नाही.”

शेवटच्या दिवशी काकूंनी तिला आत बोलावलं. पडद्याच्या कापडाकडे बघत म्हणाल्या, “रविवार चुकवू नका. मी गेले हे मुलांना कळेल तेव्हा कळेल. रविवार मात्र त्यांना त्याच दिवशी लागतो.” बुधवारी पहाटे त्या गेल्या.

नानांच्या घरात सुतक. सुतकाच्या घरी पंगत कशी बसणार? नाना तयार होते, पण त्यांचे भाऊबंद उतरले होते, घर माणसांनी आणि रडण्याने भरलं होतं. तिथे मुलांना नेणं शक्यच नव्हतं. गुरुवारी रात्री जेवताना आई म्हणाली, “आपल्याकडे बोलावू या.” मी हातातला घास खाली ठेवला. देशमुखबाईंनीच त्यांच्या भाच्याचं स्थळ माझ्यासाठी आणलं होतं, पत्रिका जुळली होती, पुढच्या आठवड्यात मंडळी येणार होती. मी म्हणाले, “आई, महिनाभर थांबू या ना. माझं ठरू दे, मग बोलाव.” कुंदा समोरच भात कालवत होती. तेरा वर्षं आई माझ्यासाठी खोटं बोलत होती आणि मी तिच्याकडे आणखी एक महिना मागत होते.

जेवणं झाल्यावर आईने डबा काढला आणि दोन किलो वाल भिजत घातले. शनिवारी तिने सगळ्यांना घर बघून जायला बोलावलं, म्हणजे रविवारी नवं वाटू नये. मोती तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या मोजून गेला. सखूबाईंच्या नातवाने मागच्या खोलीत जाऊन दार आतून लावून बघितलं, उघडून बघितलं, आणि मग तो गेला. मी त्या दिवशी रडले, काकूंसाठी किती आणि माझ्यासाठी किती ते मला सांगता येणार नाही.

रविवारी दहाला मंडळी आली. जिन्यात चपलांचा ढीग पडला. लछमनशेठ धापा टाकत चढले, सखूबाई पदराने घाम पुसत, आणि सगळ्यांच्या शेवटी नाना आले, सुतकातले म्हणून दाराबाहेर जिन्यावरच बसले. कुंदाने कधीची ताटली घेतली होती. एवढ्यात समोरचं दार उघडलं. देशमुखबाईंनी चपला बघितल्या, नानांना बघितलं, आमच्या उघड्या दारातून आत बसलेली माणसं बघितली, भिंतीकडे तोंड केलेली, खाटेखालची, येरझाऱ्या घालणारी. मग माझ्याकडे बघून त्या हसून म्हणाल्या, “अगंबाई, पाहुणे? मीनाला बघायला दुसरंही कुणी आलंय की काय?”

मी आईकडे बघितलं. तिचे हात वालाच्या पाण्याने ओले होते. ते तिने पदराला पुसले.

“मीनाकडे नाही, कुंदाकडे आलेत,” आई म्हणाली.

“तुमच्या भाचीकडे?”

“भाची नाही ती. माझी मुलगी आहे, धाकटी. आत या, बसा. पण जरा हळू बोला.”